सोळाव्या दिवसाचा हक्क

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी आणि मळणी आटोपली की डिसेंबरअखेर शेतमजुरी जवळजवळ थांबते. इटियाडोहच्या कालव्यावर किंवा बोअरच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणारी गावे सोडली, तर बाकीच्या बांध्या पुढच्या पावसापर्यंत तशाच पडून राहतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल येते, मे महिन्यात तेंदूपानाचा छोटा हंगाम येतो. मधल्या काळात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव अशा तालुक्यांतल्या भूमिहीन घराला नागपूर किंवा हैदराबादच्या बांधकामांचा रस्ता धरावा लागतो, नाही तर गावात काम निघण्याची वाट पाहावी लागते. ‘काम निघलं का?’ हा जानेवारीतला नेहमीचा प्रश्न असतो आणि त्याचे नेहमीचे उत्तर असते, ‘निघलं की सांगतो.’

या उत्तरात एक हक्क बुडतो. कायद्याने काम ‘निघत’ नाही, ते मागितले जाते. मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळाले नाही, तर सोळाव्या दिवसापासून सरकार बेरोजगार भत्ता देणे लागते. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ च्या सातव्या कलमात हे स्पष्ट लिहिले आहे. २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत हा कायदा लागू झाला, तेव्हा त्या यादीत गोंदियाही होता. म्हणजे या जिल्ह्यातल्या मजुराला हा हक्क अगदी आरंभापासून आहे. तरीही भत्ता हातात पडलेली माणसे शोधावी लागतात. याचे कारण एका तारखेत आहे, आणि हे प्रकरण मुख्यतः त्या तारखेविषयी आहे.

आधी हिशेब पाहू. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्राचा मनरेगाचा मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये होता. भत्त्याचा दर पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, म्हणजे ७८ रुपये, आणि आर्थिक वर्षाच्या उरलेल्या काळासाठी किमान निम्मा, म्हणजे १५६ रुपये. समजा एका बाईने १० जानेवारीला अर्ज दिला, त्याच दिवसापासून ३१ मार्चपर्यंत काम मागितले आणि तिला एक दिवसही काम मिळाले नाही. पंधरा दिवस २५ जानेवारीला संपतात. २६ जानेवारी ते २४ फेब्रुवारी हे ३० दिवस ७८ रुपयांनी धरले तर २,३४० रुपये होतात. २५ फेब्रुवारी ते ३१ मार्च हे ३५ दिवस १५६ रुपयांनी धरले तर ५,४६० रुपये. एकूण ७,८०० रुपये. उन्हाळ्याच्या तोंडावर एका घराचे तेल-मीठ, मुलांची औषधे आणि किराण्याची उधारी यातून भागू शकते. अर्थात याला मर्यादा आहे. एका कुटुंबाला वर्षभरात मिळालेली मजुरी आणि भत्ता यांची बेरीज १०० दिवसांच्या मजुरीएवढी, म्हणजे या दराने ३१,२०० रुपये झाली की भत्त्याची जबाबदारी संपते. आणि भत्ता मिळतो तो मागितलेल्या दिवसांचाच. म्हणून अर्जात किती दिवस लिहायचे हा बारीक मुद्दा नाही. कायदा सलग किमान १४ दिवसांच्या कामासाठी अर्ज करायला सांगतो. अनेक जण तेवढेच लिहितात, आणि ते १४ दिवस मोजणीच्या आतच संपून जातात.

आगाऊ अर्जाचे गणित वेगळे आहे आणि तिथे फसगत होते. १० जानेवारीला अर्ज देऊन १ फेब्रुवारीपासून काम मागितले, तर पंधरा दिवस १ फेब्रुवारीपासून मोजतात. अर्ज मिळाल्याची तारीख आणि काम मागितल्याची तारीख, या दोहोंत जी नंतरची असेल ती धरायची.

मग हा भत्ता मिळत का नाही? एक कारण कायद्याच्या आर्थिक रचनेतच आहे. २००५ च्या कायद्यात अकुशल कामाची मजुरी पूर्णपणे केंद्र सरकार देते, बेरोजगार भत्ता मात्र राज्याने आपल्या तिजोरीतून द्यायचा. विचार चांगला होता. काम दिले तर केंद्राचा पैसा, दिले नाही तर राज्याचा. मग कोणतेही राज्य काम देण्याचीच घाई करेल, असे कायदा घडवणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात भत्ता टाळण्याचा याहून सोपा मार्ग निघाला. काम मागितल्याची नोंदच करायची नाही. नोंद नसेल तर पंधरा दिवस सुरूच होत नाहीत. संगणकप्रणालीत मागणी चढते ती मस्टर (हजेरीपट) काढायच्या दिवशी, म्हणजे मागणी आणि काम यांच्या तारखा शेजारी शेजारी येतात. कागदावर असे दिसते की या गावात कोणालाही काम मागून थांबावे लागले नाही. जानेवारीभर दारात बसून राहिलेली माणसे त्या आकड्यात कुठेच नसतात.

मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते. पैसे अडले तर निदान अडलेले दिसतात. मागणीच लिहिली गेली नाही, तर माणूस बेरोजगार होता याचाच पुरावा उरत नाही, आणि पुढच्या वर्षीचे नियोजन करणारा अधिकारी प्रामाणिकपणे म्हणतो की या गावात कामाला मागणी नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव २००६ च्या बराच आधीपासून आहे, कारण रोजगार हमीचा विचार देशाला इथूनच मिळाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, १९६५ च्या सुमारास त्याचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली. १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यातही काम न मिळाल्यास भत्त्याची तरतूद होती, दिवसाला किमान १ रुपया. पैसा उभा राहावा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. आजही राज्यातल्या नोकरदारांच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, त्या कपातीचा उगम हा आहे. मुंबईच्या कार्यालयात बसणाऱ्याने तासगावच्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, हे त्या काळी राज्याने उघडपणे मान्य केले होते, आणि हा विचार मला आजही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातला एक मोठा विचार वाटतो. १९७७ चा कायदा आजही जिवंत आहे. म्हणून महाराष्ट्रात १०० दिवसांनंतरही काम मागता येते आणि त्या पुढच्या दिवसांची मजुरी राज्य देते.

आता अर्जाकडे येऊ. महाराष्ट्रात कामाची मागणी नमुना ४ मध्ये करतात. ग्रामपंचायतीत ग्राम रोजगार सेवक तो भरून घेतो. अर्जात जॉबकार्ड क्रमांक, काम करणाऱ्यांची नावे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम हवे, आणि अर्ज दिल्याची तारीख असलीच पाहिजे. तारखेसह पोच मिळणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. कोणी मेहरबानी म्हणून द्यायची ती वस्तू नाही. छापील नमुना संपला असेल तर साध्या कागदावरचा अर्जही चालतो. दहा-पंधरा बायांनी मिळून एकच अर्ज दिला तरी चालतो, आणि गावात तेच अधिक उपयोगी पडते. एकटीला ‘पुढच्या हप्त्यात ये’ म्हणून परत पाठवणे सोपे असते. वीस जणींच्या सह्या-अंगठ्यांचा कागद घेतल्यावर नकार द्यायला कारण लिहावे लागते.

रोजगार सेवक जागेवर नसेल तर? तो बहुधा एकटा असतो, मानधनावर असतो आणि ते मानधनही वेळेवर मिळत नाही अशी त्याची स्वतःची तक्रार असते. सगळा राग त्याच्यावर काढून उपयोग नाही. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत यावर तोड आहे. ग्रामपंचायतीने अधिकार दिल्यास वॉर्डाचा सदस्य, अंगणवाडी सेविका, शाळेचे शिक्षक, बचत गट किंवा गावपातळीवरचा महसूल कर्मचारीसुद्धा कामाचे अर्ज घेऊन तारखेची पोच देऊ शकतात. ग्रामसभेत असा ठराव करून घेणारी गावे थोडी आहेत. ज्या पाड्यावरून ग्रामपंचायत चार-पाच किलोमीटर लांब आहे, तिथे अंगणवाडी सेविकेला हा अधिकार देण्याइतकी स्वस्त सुधारणा दुसरी सुचत नाही.

ग्रामपंचायतीने घेतलाच नाही, तर अर्ज थेट कार्यक्रम अधिकाऱ्याकडे देता येतो. महाराष्ट्रात कार्यक्रम अधिकारी म्हणजे तहसीलदार, आणि सह कार्यक्रम अधिकारी म्हणजे पंचायत समितीचे गटविकास अधिकारी. तहसील कार्यालयाच्या आवक शाखेत अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. तालुक्याला जाण्याचे भाडे परवडत नसेल तर स्पीड पोस्टाची पावतीही तारीख सिद्ध करते. त्या पावतीची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवलेला बरा.

पंधरा दिवस गेले, काम आले नाही. आता वेगळा अर्ज करायचा, बेरोजगार भत्त्याचा, पहिल्या पोचेची प्रत जोडून. भत्ता देय झाल्यापासून पंधरा दिवसांत तो दिला पाहिजे असे कायदा म्हणतो. इथे आठवे कलम माहीत असणे फार मोलाचे ठरते आणि ते कोणी सांगत नाही. आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणामुळे वेळेत भत्ता देता येत नसेल, तर कार्यक्रम अधिकाऱ्याने ते कारण जिल्हा कार्यक्रम समन्वयकाला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला, कळवायचे असते. शिवाय ते स्वतःच्या कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर लावायचे असते. न दिलेल्या किंवा उशिरा दिलेल्या भत्त्याचे प्रत्येक प्रकरण समन्वयकाच्या वार्षिक अहवालात यायला हवे. म्हणून ‘भत्ता का नाही’ असे तोंडी विचारत बसण्यापेक्षा ‘आठव्या कलमाखालची सूचना कोणत्या तारखेला लावली, तिची प्रत द्या’ असा लेखी अर्ज करावा. सूचना लावलेली असेल तर देणे मान्य झाल्यासारखेच असते. लावलेली नसेल तर कायद्याचा भंग झालेला असतो.

भत्ता नाकारण्याची कायदेशीर कारणेही आहेत, ती नवव्या कलमात आहेत. देऊ केलेले काम स्वीकारले नाही, कळवल्यावर पंधरा दिवसांत कामावर हजर झाले नाही, किंवा परवानगीशिवाय सलग आठवड्याहून अधिक गैरहजर राहिले, तर तीन महिने भत्ता मिळत नाही. काम मागण्याचा हक्क मात्र त्या काळातही शाबूत असतो. गोंदियात याचा फटका बसतो तो लांबच्या कामामुळे. गावात काम नाही, पण बारा किलोमीटरवर वनविभागाची रोपवाटिका आहे, तिथे जा, असे सांगितले जाते. बाई म्हणते, तान्हे लेकरू घेऊन तिथवर कशी जाऊ? आणि कागदावर ‘काम नाकारले’ असे लागते. अशा वेळी तोंडी नकार देऊ नये. पाच किलोमीटरच्या पुढचे काम असेल तर येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च म्हणून मजुरीच्या १० टक्के जास्त द्यावे लागतात. ती रक्कम लेखी मागावी आणि कामाचे पत्रही लेखीच मागावे. काम खरोखर देऊ केले होते की नाही, हे त्या पत्रावरूनच ठरते.

काम मिळाले तरी दुसरा उशीर पुढे उभा असतो, मजुरीचा. त्याचीही मोजणी सोळाव्या दिवसापासूनच होते. मस्टर बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी खात्यात आली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला थकलेल्या रकमेच्या ०.०५ टक्के भरपाई मिळायला हवी. सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये धरली तर भरपाई दिवसाला ९४ पैसे होते. पुढचे चाळीस दिवस पैसे अडले तर साधारण ३७ रुपये. हा दर मला अन्यायकारक वाटतो. किराणा दुकानाच्या उधारीवर त्याच काळात याच्या कितीतरी पट व्याज चढलेले असते. तरीही भरपाई मागावी, कारण ती मंजूर करताना उशीर कोणत्या टेबलावर झाला हे लिहावे लागते.

आणि ते टेबल ओळखता आले पाहिजे. आठवड्याचे मस्टर बंद होते, तांत्रिक सहायक येऊन खोदलेल्या मातीचे मोजमाप घेतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, पंचायत समितीत ते संगणकावर चढते आणि दोन सह्यांनी निधी हस्तांतरणाचा आदेश निघतो. इथवरचा टप्पा राज्याच्या हातात आहे. त्यासाठी आठ दिवस ठरवलेले आहेत. पुढच्या सात दिवसांत केंद्राकडून रक्कम खात्यात पोचायची. एकाच तांत्रिक सहायकाकडे बरीच गावे असली की पहिला टप्पा मोजमापापाशीच अडकतो. दिल्लीहून निधी आला नाही तर दुसरा अडकतो, आणि तेव्हा पंचायत समितीत खेटे घालून काहीच होत नाही. बरीच वर्षे भरपाई मोजताना हा दुसरा टप्पा धरलाच जात नव्हता. स्वराज अभियानाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०१८ रोजी निकाल दिला आणि मजुराला याच्याशी देणेघेणे नाही हे सांगितले. पंधरा दिवसांत पैसे मिळणे हा त्याचा हक्क, उशीर राज्याने केला की केंद्राने, ते त्यांनी आपसात पाहावे.

खात्यातच अडचण असेल तर तिसरेच प्रकरण सुरू होते. १ जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यातच मजुरी जमा होते. जॉबकार्डवर नाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या. माहेरचे आडनाव एका जागी, सासरचे दुसऱ्या. बाईची तीन खाती वेगवेगळ्या योजनांसाठी उघडलेली आणि पैसे गेले ते तिला आठवतही नसलेल्या खात्यात. कार्यालयात सांगतात ‘आधार लागलं नाही’ आणि ती महिनाभर त्याच बँकेत चकरा मारते. चौकशीची सुरुवात बँकेपासून करू नये. रोजगार सेवकाकडून किंवा पंचायत समितीतून आपल्या नावाचा हस्तांतरण आदेश निघाला का, निघाला असेल तर तो परत आला का, आणि परत येण्याचे कारण काय नोंदले आहे, हे आधी पाहावे. कोणत्या बँकेला आधार जोडलेला आहे हे आधारच्या यंत्रणेतून कळते. ती बँक कोणती हे कळले की निम्मी शोधाशोध संपते.

हजेरीचेही तसेच आहे. १ जानेवारी २०२३ पासून कामाच्या जागेवर मोबाइलच्या ॲपमधून दिवसातून दोनदा, ठिकाण आणि वेळ उमटणारा फोटो काढून हजेरी लावणे बंधनकारक झाले. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क धड मिळत नाही. फोटो चढला नाही, तर खोदलेला खड्डा समोर दिसत असूनही दिवस कोरा जातो. अशा दिवशी गटप्रमुखाने साध्या वहीत तारीख, नावे आणि सह्या घेऊन संध्याकाळीच ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. महिनाभराने सांगितलेली अडचण कोणी मान्य करत नाही.

तक्रारीची वाट कायद्यातच आखून दिली आहे. कार्यक्रम अधिकाऱ्याने प्रत्येक तक्रार नोंदवहीत लिहून सात दिवसांत निकाली काढायची असते. तिथे दाद मिळाली नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयातली रोजगार हमी शाखा आहे, त्यानंतर जिल्ह्यासाठी नेमलेला तक्रार निवारण प्राधिकारी, म्हणजे मनरेगाचा लोकपाल. राज्याचे मनरेगा आयुक्तालय नागपुरात आहे, गोंदियाहून रेल्वेने काही तासांवर. मुंबई गाठावी लागत नाही. कायद्याचा भंग करणाऱ्याला कलम २५ खाली १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण दंडाची नोंद होते आणि तिची धास्ती असते. अर्ज घेतला पण मागणी नोंदलीच नाही असा संशय असेल, तर माहिती अधिकारात ग्रामपंचायतीच्या मागणी नोंदवहीची प्रत मागावी. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. आपली पोच आणि त्यांची नोंदवही शेजारी ठेवली की वेगळे काही सिद्ध करावे लागत नाही. सामाजिक अंकेक्षण दर सहा महिन्यांनी व्हायला हवे; त्याच्या ग्रामसभेत हे दोन कागद वाचून दाखवले तर ते सरकारी अहवालात जातात.

हे सगळे केवळ कागदावर शक्य आहे असे नाही. मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यातल्या पाटी गटात जागृत आदिवासी दलित संघटनेच्या मजुरांनी कायदा लागू झाल्याच्या पहिल्याच वर्षात शेकडो अर्ज देऊन पोची जमवल्या, काम आले नाही तेव्हा भत्ता मागितला आणि तो मिळवला. उत्तर प्रदेशात सीतापूरच्या संगतिन किसान मजदूर संघटनेनेही तो मिळवला. दोन्हीकडे संघटना होती, अर्ज एकगठ्ठा दिलेले होते आणि प्रत्येकाच्या हातात तारखेची पोच होती. गोंदियाला असे संघटित होणे परके नाही. याच जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांनी वनहक्क कायद्याचा आधार घेऊन २०१३ पासून तेंदूपानांचा लिलाव स्वतः केला, ठेकेदाराशी भाव ठरवला आणि बोनसचा हिशेब ठेवला. ज्या ग्रामसभेला तेंदूच्या पुड्यांची वही बिनचूक ठेवता येते, तिला कामाच्या अर्जांची वहीही ठेवता येईल.

ज्यांची नोकरी गिरणीत किंवा कारखान्यात होती, त्यांचा भत्ता वेगळा आहे. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, जिथे लागू आहे तिथल्या कामगारांसाठी १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. नोकरी गेल्यास आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मदत मिळते. आधी ती सरासरी रोजंदारीच्या २५ टक्के होती, २०२० मध्ये ५० टक्के झाली. इथेही बहुतेक अडथळे मालकाच्या नोंदींत असतात. वर्गणी भरलेली नाही, किंवा नोकरी सुटल्याची तारीख चढवलेली नाही. गोंदियाच्या भात गिरण्यांत हंगामी माणसे ठेवण्याची पद्धत आहे. म्हणून नोकरी चालू असतानाच आपल्या नावाची वर्गणी भरली जाते का, हे विमा क्रमांकावरून तपासून ठेवावे. नोकरी सुटल्यावर ते जमत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. त्यात वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांनी मजुरीसह खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत राज्याने जाहीर केलेला, जास्तीत जास्त ६० दिवसांचा काळ कामे बंद राहू शकतात. गोंदियात तो रोवणीचा आणि धानकापणीचाच काळ ठरेल असे दिसते. काम न मिळाल्यास भत्ता ही तरतूद त्यातही आहे. कलमांचे क्रमांक बदलतील, अर्जाचे नमुने बदलतील. भत्त्याची मोजणी मात्र मागणीच्या तारखेपासूनच सुरू होईल, आणि मजुरीत वाटा द्यावा लागणारे राज्य ती तारीख उशिरा नोंदण्याकडे अधिक झुकेल, अशी मला रास्त भीती वाटते. बंद काळ कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे गावात आधी माहीत असले पाहिजे. तो संपतो त्याच दिवसासाठी आगाऊ अर्ज दिलेला असावा.

आणखी एक काम जानेवारीच्या कितीतरी आधीचे आहे. पुढच्या वर्षीच्या कामांची यादी, ज्याला कार्यालयात ‘शेल्फ’ म्हणतात, ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या ग्रामसभांत ठरते. शेल्फवर काम नसेल तर जानेवारीत तहसीलदारालाही देण्यासारखे काही नसते. या जिल्ह्यात कामाची वाण नाही. १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यापासून गाळाने भरत आलेले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, गावोगाव आहेत. त्यांच्या पाळी खचल्या आहेत, पाट बुजले आहेत. फक्त तलावाचे काम पाणी उतरल्यावरच करता येते, बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चनंतर. म्हणून ऑक्टोबरच्या यादीत तलावांबरोबर पाण्यावर न अडणारी कामेही लिहून घ्यावीत: मजगीची (उताराच्या शेतात बांध्या घालण्याची) कामे, शेतातल्या बोड्या, पांदण रस्ते. मळणी संपलेल्या आठवड्यात मस्टर काढता येईल अशी निदान दोन कामे तांत्रिक मंजुरीसह तयार आहेत का, हा प्रश्न २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विचारून त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.